कॅसेटीतले आजोबा का लंगडतात?

मागील महिन्यातील एका रविवारी, मिस्सा आटोपून आम्ही घराकडे वळत असता एक ताई आपल्या कन्येसह ओसरीवर येऊन थांबल्या. कन्येच्या हाती पेन ड्राइव्ह होता आणि ताईंच्या पिशवीत एक जुनी व्हीएचएस कॅसेट. ताईंचे लग्न १९९८ साली येथेच झालेले. त्यांचे वडील पोस्टमन होते. तीस वर्षे त्यांनी वाडीवाडीवर पायी फिरून टपाल वाटले आणि मुलीच्या लग्नानंतर दोनच वर्षांनी ते वारले. त्यांची छायाचित्रे घरात आहेत. परंतु हलते-चालते बाबा म्हणून जे काही उरले आहे ते त्या कॅसेटीतले मिनिटभर: चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत मुलीचा हात धरून आलेले बाबा.

तालुक्याच्या गावी एका दुकानात ही कॅसेट देऊन तिची संगणकावर चालणारी फाइल करून घेतली होती. घरी सर्वजण टीव्हीसमोर बसले. फीत सुरू झाली आणि ज्या नातीने आजोबांस कधी पाहिलेच नव्हते तिने विचारले, "आई, आजोबा लंगडत होते का गं?"

"फादर, माझे बाबा लंगडत नव्हते," ताई आम्हांस म्हणाल्या. "उभ्या गावात त्यांच्यासारखे चालणारे कोणी नव्हते. आणि आता दुकानदार म्हणतो, कॅसेटच खराब झाली आहे, फेकून द्या."

आम्ही ताईंना सांगितले की कॅसेट फेकू नका. वाचकहो, आजच्या सदरात सांगावयाचे ते प्रथमच सांगून ठेवतो. अशा फायलींत दिसणारे हिसके पुष्कळदा कॅसेटीत नसतातच. ते नव्या फायलीत उतरविताना निर्माण होतात. कॅसेट जवळ असेल तर ते दूर करता येतात. कॅसेट गेली तर मात्र दुकानदाराने केलेली चूक हाच तुमच्या घरचा कायमचा इतिहास होऊन बसतो.

हे समजण्यासाठी जुना टीव्ही चित्र कसे दाखवीत असे ते थोडे पाहावे लागेल. आपल्याकडे दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली. चित्र आडव्या ओळींनी बनत असे. ओळी एकूण ६२५, त्यांपैकी प्रत्यक्ष चित्राच्या ५७६. सेकंदाला २५ चित्रे पाठविली तर हालचाल कळते, पण पडदा डोळ्यांना लुकलुकताना दिसतो. ५० पूर्ण चित्रे पाठवावी तर दुप्पट मजकूर प्रक्षेपित करावा लागतो, आणि तेवढी सोय नव्हती. यावर १९३०च्या सुमारास जर्मनी व अमेरिका येथील अभियंत्यांनी युक्ती काढली ती अशी: एका वेळी चित्राच्या एकाआड एक ओळीच पाठवावयाच्या. शेतकरी जसा पहिल्या फेरीत एक सरी सोडून एक सरी पेरीत जातो आणि दुसऱ्या फेरीत मधल्या राहिलेल्या सऱ्या पेरतो, तसे पहिल्या फेरीत पहिली, तिसरी, पाचवी ओळ आणि दुसऱ्या फेरीत दुसरी, चौथी, सहावी. प्रत्येक फेरीस फील्ड म्हणतात. आपण तिला अर्धचित्र म्हणू. सेकंदाला ५० अर्धचित्रे, प्रत्येकात २८८ ओळी. या पद्धतीस इंटरलेस म्हणतात.

आता यातली खोच नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढचा सारा घोटाळा हिच्यातूनच उद्भवतो. ही दोन अर्धचित्रे एकाच क्षणाची नसतात. पहिले टिपले गेल्यावर दुसरे एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने मागाहून टिपलेले असते. तेवढ्या वेळात चालणाऱ्या माणसाचा पाय पुढे सरकलेला असतो. म्हणजे ताईंच्या कॅसेटीत प्रत्येक सेकंदाला बाबांचे २५ नव्हे, ५० क्षण साठविलेले आहेत. व्हीसीआरमधला गोल फिरणारा ढोल सेकंदाला २५ फेरे घेतो, त्यावर समोरासमोर दोन हेड असतात, आणि प्रत्येक हेड फितीवर एका तिरक्या पट्ट्यात एक अर्धचित्र लिहितो. हिशेब बरोबर ५० चा येतो.

जुना फुगीर काचेचा टीव्ही ही अर्धचित्रे आली तशी एकामागून एक दाखवीत असे, म्हणून चाल लोण्यासारखी मऊ दिसे. आजचे मोबाइल, संगणक आणि सपाट टीव्ही सर्व ओळी एकदम उजळतात. त्यांना अर्धे चित्र ठाऊक नाही. म्हणून फाइल करतेवेळी कोणीतरी अर्ध्यांची पूर्ण चित्रे करावी लागतात, आणि ती कशी करावी याचा निर्णय दुकानातला मुलगा, बहुधा एक बटण दाबून, घेतो.

सर्वात आळशी मार्ग म्हणजे दोन अर्धी जशीच्या तशी एकत्र विणणे. मग हलणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात. नवरीचा पदर उडाला की तो करवतीने कापल्यासारखा वाटतो. दुसरा मार्ग दोन्ही अर्धी एकमेकांत मिसळण्याचा. दाते जातात, पण हलणाऱ्या बँडवाल्याच्या हाती दोन-दोन काठ्या दिसू लागतात, एक ठळक व एक भुतासारखी. तिसरा मार्ग दोहोंतील एक टाकून देण्याचा: चित्र स्वच्छ, परंतु ५० क्षणांतील २५ गेले आणि चाल तुटक झाली. चौथा आणि आमच्या मते योग्य मार्ग म्हणजे प्रत्येक अर्धचित्राच्या मधल्या ओळी आजूबाजूच्या चित्रांवरून अंदाजाने भरून त्याचे स्वतंत्र पूर्ण चित्र करणे. असे केल्याने ५० ची ५० चित्रे राहतात. या रीतीस 'बॉब' असे गमतीचे नाव आहे.

ताईंच्या फायलीचे काय झाले होते? मीडियाइन्फो नावाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम आहे. त्यात फाइल उघडली की तिची जन्मपत्रिका वाचावयास मिळते. पत्रिकेत लिहिले होते: चित्रे सेकंदाला २४. आमचे अर्धे काम तेथेच झाले. २४ हा चित्रपटांचा आकडा. दुकानात कोणीतरी 'सिनेमासारखे' दिसावे म्हणून तो निवडला असावा किंवा प्रोग्रॅमने आपणहून घेतला असावा. प्रथम ५० क्षणांचे २५ झाले. मग २५ मधून २४ करण्यासाठी यंत्राने दर सेकंदाला आणखी एक चित्र गाळले. २४ चित्रे सरळ चालावयाची आणि मग एक उडी. दर सेकंदाला एक उडी, घड्याळासारखी.

आता माणूस नेहमीच्या चालीने सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो. नवरीचा बाप सामान्यतः हळू चालतो, परंतु हे बाबा पोस्टमन होते. त्या दिवशीही ते आपल्या नेहमीच्याच चालीने निघाले होते. सेकंदाला दोन पावले आणि सेकंदाला एक हिसका. म्हणजे हिसका प्रत्येक वेळी एकाच पायावर पडणार! व्हीएलसीमध्ये फाइल थांबवून 'ई' ही कळ दाबीत एकेक चित्र पुढे सरकविले, तेव्हा ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. डावा पाय नीट उचलला जाई, नीट टेकला जाई. उजवा पाय हवेत असताना मधला एक क्षण नाहीसा होई. ताईंची कन्या शेजारी बसून मोजत होती. "चोवीस," ती म्हणाली, आणि पाय उडाला.

दुकानदारास आम्ही दूरध्वनी करून प्रथम उतरविलेली कच्ची फाइल आहे काय असे विचारले. ती त्याने जागा अडते म्हणून पुसून टाकली होती. आमचा त्याच्यावर राग नाही. महिन्याला शेकडो लग्ने उतरविणाऱ्यास एका पोस्टमनचा उजवा पाय कसा दिसावा? परंतु गाळलेले क्षण त्या पेन ड्राइव्हमधून परत मिळणे शक्य नव्हते. कोणताही प्रोग्रॅम फार तर मधली चित्रे कल्पनेने रचील. ते बाबांचे पाऊल नव्हे. पुन्हा कॅसेटीकडेच जाणे भाग होते.

व्हीसीआर मिळविणे हेच आजकाल मोठे काम आहे. शेवटपर्यंत हे यंत्र बनविणाऱ्या जपानी कंपनीने २०१६ साली त्याचे उत्पादन बंद केले. आमच्या गावातील एका निवृत्त गुरुजींकडे कपड्यात गुंडाळून ठेवलेला एक चालू व्हीसीआर निघाला. त्यास यूएसबीचे कॅप्चर यंत्र जोडले, पाल पद्धत निवडली, रुंदी ७२०, उंची ५७६, इंटरलेस जसेच्या तसे. येथे इशारा द्यावासा वाटतो. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त डब्या आतल्या आत अर्धी चित्रे कशीबशी मिसळून मग संगणकाकडे पाठवितात. त्यातून चांगले काही निघत नाही. तसेच यंत्रावर पालऐवजी एनटीएससी निवडलेले नाही ना, हे आधी पाहावे.

फीत उतरली. बॉब रीतीने ५० चित्रांची फाइल केली आणि मोठ्या अभिमानाने ताईंना बोलाविले. बाबा आता लंगडत नव्हते. ते थरथरत होते! भिंती शांत, खांब शांत, वेदीवरच्या मेणबत्त्या शांत. जे जे हलत होते ते मात्र कापत होते, जणू सर्व वऱ्हाडास हिवताप भरला आहे. ताई काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या मनात दुकानदाराविषयी थोडी सहानुभूती उत्पन्न झाली असावी.

चूक सर्वस्वी आमची होती. पुन्हा 'ई' कळ दाबीत गेलो तेव्हा कळले: पाऊल थोडे मागे जाई, मग बरेच पुढे, पुन्हा थोडे मागे. पहिल्या व दुसऱ्या क्षणांची अदलाबदल झाली होती. एक, दोन, तीन, चार या क्रमाऐवजी दोन, एक, चार, तीन. जोडीतले कोणते अर्धचित्र आधीचे, वरच्या ओळीपासून सुरू होणारे की खालच्या, हे प्रोग्रॅमला सांगावे लागते. डीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटीत खालचे अर्धचित्र आधी असते. आणि गेल्या उन्हाळ्यात आम्ही तशाच एका कॅसेटीचे काम केले होते. तीच मांडणी आम्ही न पाहता पुढे चालविली. या कॅप्चर यंत्रात वरचे आधी होते. एवढी एक खूण बदलली आणि थरथर थांबली.

म्हणून आमचे सांगणे असे की हिसका दिसला की प्रथम तो कसा आहे ते पाहावे. ठरावीक अंतराने येणारा हिसका असेल तर चित्रांचा हिशेब चुकला: २५ चे २४ केले तर सेकंदाला एक उडी, २५ चे ३० केले तर दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दिसून क्षणभर सारे थबकते. पुढे-मागे थरथर असेल आणि स्थिर वस्तू शांत असतील तर अर्धचित्रांचा क्रम उलटा. कधी येथे, कधी तेथे, मनास येईल तेव्हा उडी असेल तर फीत उतरविताना संगणक दमला आणि त्याने चित्रे गाळली, किंवा फीतच तेथे जखमी आहे; कॅप्चरचा प्रोग्रॅम किती चित्रे गळाली तो आकडा बहुधा दाखवितो, तो शून्य किंवा शून्याजवळ असावा. सर्वत्र सारखीच तुटक, कोरडी चाल असेल तर ५० चे २५ झालेले आहेत.

दोन चुका मात्र आवर्जून टाळाव्यात, आणि त्यांतील पहिलीवर तर उपाय फायलीत उरतच नाही. अर्धचित्रे सोडविण्यापूर्वी चित्राची उंची बदलली, उदाहरणार्थ 'एचडी' करून देतो म्हणून ५७६ ओळींच्या ७२० केल्या, तर वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात. दूध आणि ताक एकत्र झाल्यावर कोण निवडणार? आधी अर्धी सोडवावी, मग हवे तर मोठे करावे. दुसरी गोष्ट कडा कापण्याची. फितीच्या कडेच्या गढूळ ओळी लोक कापतात. त्यात वरून एक किंवा तीन अशा विषम ओळी कापल्या तर अर्धचित्रांचा क्रम उलटतो आणि आमच्यासारखा हिवताप भरतो. ही चूक दुरुस्त होते, पण ती ओळखण्यात संध्याकाळ जाते. सोडविण्याआधी कापूच नये.

ज्यांना घरी करावयाचे आहे त्यांच्यासाठी हँडब्रेक हा विनामूल्य प्रोग्रॅम पुरेसा आहे. त्यात डीइंटरलेस या सदरात बॉब निवडावे आणि चित्रांचा दर ५० ठेवावा. लग्नाची डीव्हीडी असेल तर तिच्यातील मूळ फायली आधी जशाच्या तशा संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि त्यांवर हेच करावे. डीव्हीडीतही अर्धचित्रेच असतात, आणि तिची चकती कॅसेटीहूनही लवकर दगा देऊ शकते.

परदेशी नातलगांकडून आलेल्या फितींविषयीही एक शब्द. मस्कत, कुवेतकडील फिती आपल्यासारख्याच, ५० अर्धचित्रांच्या. कॅनडा, अमेरिकेहून मावशीने पाठविलेली कॅसेट असेल तर ती ५२५ ओळींची आणि सेकंदाला जवळजवळ ६० अर्धचित्रांची असते. अचूक आकडा ५९.९४. ती ५० मध्ये कोंबू नये. जिचा जो आकडा तोच ठेवावा, हा साधा नियम.

येथे एक प्रामाणिक कबुली देणे अवश्य आहे. संगणकांचे बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा ताजे होतात. त्यांवर ५० चित्रांची निर्दोष फाइलही किंचित अडखळते, कारण ५० चित्रे ६० जागांवर समान वाटली जात नाहीत. फायलीस दोष देण्यापूर्वी ती घरच्या टीव्हीत पेन ड्राइव्ह लावून पाहावी; आपल्याकडील टीव्ही ५० चा दर सहसा नीट दाखवितात. जुन्या मोबाइलवर अडखळली तर तेही फायलीचे पाप समजू नये.

दुकानात काम द्यावयाचे असेल तर तोंडी न सांगता चिठ्ठीवर लिहून द्यावे: सेकंदाला ५० चित्रे, आधी अर्धचित्रे सोडवा मग आकार बदला, आणि कच्ची फाइल आम्हांस वेगळी द्या. कच्ची फाइल मोठी असते. डीव्ही पद्धतीची असेल तर तासाला सुमारे १३ गिगाबाइट. पेन ड्राइव्ह तितका मोठा घेऊन जावा. आणि फाइल पाहून समाधान होईपर्यंत कॅसेट परत घेऊन घरी ठेवावी, दुकानात सोडून येऊ नये.

ताई दुसऱ्या खेपेस आल्या तेव्हा संध्याकाळ होती. गुरुजीही आले होते, व्हीसीआर परत नेण्याच्या निमित्ताने. आम्ही फीत लावली. बाबा दारातून आत आले, सरळ, खांदे ताठ, दोन्ही पाय सारखे पडत होते. मध्येच त्यांनी मनगट जरा वळवून खाली पाहिले.

"आजोबा घड्याळ बघतात!" कन्या ओरडली.

"बघणारच," ताई म्हणाल्या. "बँडवाल्यांनी अर्धा तास उशीर केला होता."

त्यांनी ते मिनिट आणखी चार वेळा लावावयास सांगितले. नंतर कॅसेट पूर्ण उलट गुंडाळून आम्ही डबीत घातली आणि कपाटात उभी ठेवावयास सांगितली. आडवी नको, आणि टीव्ही किंवा ध्वनिवर्धकाच्या शेजारी नको. जाताना ताईंनी पिशवीतून दुसरी कॅसेट काढली: त्यांच्या भावाच्या लग्नाची, १९९१ सालची. तिच्या खिडकीतून आत पांढरी बुरशी दिसत होती. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालावयाची नसते, नाही तर बुरशी हेडवर बसून पुढच्या सर्वच कॅसेटी बिघडविते. गुरुजींनी ती पाहताच आपला व्हीसीआर छातीशी धरला. बुरशीचे काय करावे ते पुढील अंकी लिहू. तोवर ज्यांच्याकडे तशा कॅसेटी असतील त्यांनी त्या कोरड्या जागी वेगळ्या ठेवाव्यात आणि कोणत्याही यंत्रात घालू नयेत.